तव्याचा कान

आमच्या घरात काहीही बिघडलं की ते शेवटी माझ्या गळ्यात येऊन पडतं. माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे, म्हणजे मला कपड्यांवरचे डाग काढता येतात, बस्स. पण आमच्या लोकांची समजूत अशी की जिला शाईचा डाग काढता येतो तिला गळका नळ, अडकलेली खिडकी आणि रुसलेले नातेवाईक असं सगळंच दुरुस्त करता येतं. त्यामुळे आईचा तवा गंजलेला सापडला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे का बघितलं, हे वेगळं सांगायला नको.

तवाही साधासुधा नव्हे. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, काळा कुळकुळीत, लांब दांडीचा. उचलला की मनगट बोंब मारतं. आईने उभी हयात एका कारखान्याच्या कँटीनमध्ये अंडी तळली. कँटीन बंद झालं तेव्हा बाकीच्या बायकांनी कपबशा नेल्या, डबे नेले, आणि ही बाई हा तवा काखोटीला मारून घरी आली. तिची एक पद्धत होती. एका हातात तवा, दुसऱ्या हातात ताटली. अंडं तव्यावरून सुटलं की तवा उचलायचा, जरासा कलता करायचा, आणि अंडं सरकत ताटलीत. उलथनं वापरणाऱ्या बाईला ती आजही स्वयंपाकीण म्हणत नाही. दांडीच्या बरोबर समोर त्या तव्याला एक छोटा कान आहे, दुसऱ्या हाताने आधार द्यायला केलेला. मी शाळेत असताना एकदा तो धरून तवा उचलायला गेले तर मला म्हणाली, "कान शिकाऊ लोकांसाठी असतो. दुसरा हात ताटलीचा." त्यानंतर आमच्या घरात त्या कानाला कुणी हात लावला नाही.

आई एकटी राहते, तिसऱ्या मजल्यावर. खाली बसथांबा आहे आणि तिच्या खिडकीतून तो पूर्ण दिसतो. कुठली बस उशिरा आली, कुठल्या ड्रायव्हरने म्हातारीला न घेताच बस हाकली, हे सगळं तिला पाठ असतं आणि खिडकीतून ती त्यांना ऐकवतेसुद्धा. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, हे एकटं राहणं अजिबात पसंत नाही. त्याचं घर तळमजल्यावर आहे. तिथे त्याने आईसाठी खोली तयार करून ठेवली आहे, नवा पलंग, उशाशी घंटी. दर रविवारी तो आईकडे अंडं खायला यायचा आणि अंडं संपलं की खोलीचा विषय काढायचा. एका रविवारी आईचं डोकं फिरलं. तवा ओट्यावर दाणकन ठेवून ती म्हणाली, "माझ्या हातून हा तवा सुटला, की हे घर सुटलं. मग ने मला कुठे न्यायचं तिथे. तोवर पुन्हा तोंड उघडायचं नाही."

दादा विमा कंपनीत आहे. लोकांनी मागितलेली भरपाई का देता येत नाही, हे शोधून काढणं हे त्याचं काम. घरी आम्ही त्याला वकील म्हणतो. त्याने आईकडून ते वाक्य पुन्हा म्हणवून घेतलं आणि मला म्हणाला, शब्द लक्षात ठेव, उद्या वाद नको.

दादाचं सगळंच चुकत होतं असं नाही. आईची काळजी मलाही वाटायची. पण डोळ्याच्या ऑपरेशननंतर आई त्याच्याकडे राहिली होती तेव्हा मी तिला भेटायला गेले होते. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, पर्स मांडीवर घेऊन. पाणी हवं होतं तर वहिनी फोन ठेवेपर्यंत थांबली आणि मग विचारून प्यायली. बसच्या ड्रायव्हरला तिसऱ्या मजल्यावरून शिव्या घालणारी माझी आई. मला तिथे बसवेना. म्हणून तवा तिच्या हातात राहावा असं मला मनापासून वाटायचं, आणि ते आई सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

तर त्या रविवारी दादा, वहिनी आणि मी आईकडे जमलो होतो. आईने उकडलेली अंडी पुढे ठेवली. दादा म्हणाला, गेल्या वेळीही उकडलेलीच होती, त्याच्याही आधी जॅमपाव होता, तवा कुठाय? आई म्हणाली, असेल कुठेतरी. आता दादासारख्या माणसाला असं उत्तर देणं म्हणजे आगीत तेल. तो उठला, ओट्याखालचं कपाट उघडलं, पिठाच्या डब्यामागे हात घातला आणि तवा बाहेर काढला. मला ओळखूच येईना. भाजलेल्या विटेचा रंग. बोट लावलं तर बोट लाल.

मी विचारलं, हे कुणी केलं? आई खिडकीबाहेर बघायला लागली. आणि वहिनी म्हणाली, "माझ्याकडून झालं. मागे आले होते तेव्हा धुतला आणि ओलाच कपाटात ठेवला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनीची स्वच्छता हा माझ्यासाठी जुना विषय आहे. ती साबणाची वडीसुद्धा धुऊन ठेवते. मी तिला नाही नाही ते बोलले. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात हात घालायची गरजच काय, बिडाला पाणी दाखवू नये एवढी अक्कल नको का, एवढं म्हणून माझ्या जिभेचा पट्टा थांबला असता तर बरं होतं. वहिनी माझ्याहून मोठी आहे. ती ऐकून घेत राहिली. आई खिडकीबाहेरच बघत होती. दादाने शेवटी निकाल दिला की तवा गंजला म्हणजे हातून सुटला असं काही होत नाही, तो दुरुस्त करून आणा, मग आई त्यावर नेहमीसारखं अंडं करून दाखवेल. दाखवेल म्हणताना त्याने आईच्या मनगटाकडे बघितलं. तवा पेपरात गुंडाळून माझ्या हातात दिला गेला.

दुसऱ्या दिवशी मी तो दुकानात नेला. तारेच्या घासणीने घासायला बसले तर टेबलावर लाल भुकटीचा सडा. आतली बाजू घासून हात दुखायला लागले तरी गंज हलेना. नखात गंज, नाकात गंज, शिंकले तर रुमालावर गंज. तेवढ्यात फोन वाजला म्हणून मी तवा बाजूला ठेवला आणि फोनवर बोलत राहिले. बोलणं संपल्यावर बघते तो तवा एका डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावर ठेवलेला. धुऊन, इस्त्री करून, संध्याकाळी न्यायला येणार असलेल्या कोटावर. मी कपाळावर हात मारला, तर कपाळही लाल.

तवा उचलला. कोटाच्या पाठीवर गंजाचा शिक्का उमटला होता. सगळा गोल नाही, मध्यभागी एक बशीएवढं कडं आणि त्याच्या आत फुली. मी स्वतःला आणि वहिनीला आलटून पालटून शिव्या देत गंजाचं औषध काढलं आणि कापसाने डाग टिपायला लागले. अर्धं कडं निघालं असेल नसेल, माझा हात थांबला. डाग बघून तो कशाचा हे ओळखणं हाच माझा धंदा. चहाचा की कॉफीचा, रक्ताचा की रंगाचा, गिऱ्हाईक काहीही सांगो. आणि हे कडं आणि ही फुली मी शेकडो वेळा बघितली होती. आईच्या सिंकच्या तळाला पाणी जायचं जे भोक आहे, त्याच्यावर अशीच गोल पितळी जाळी आहे, मध्ये फुली असलेली.

तवा कपाटात ओला राहून गंजला नव्हता. तो सिंकमध्ये पाण्यात पडून होता, जाळीवर टेकून, चांगले काही दिवस. मी आतल्या बाजूकडे नीट बघितलं. काठाच्या जरा खाली पाण्याची रेघ स्पष्ट होती. माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं, पण रागात असलं की मला समोरचा हत्तीसुद्धा दिसत नाही.

आता मला वाटलं की वहिनीने आणखीनच मोठा गाढवपणा केला आणि त्यावर खोटंही बोलली. ती बुधवारी पडदे द्यायला दुकानात आली तेव्हा मी तयारच होते. मी पडदे बाजूला सारले, तवा तिच्यासमोर आपटला आणि म्हटलं की कपाट वगैरे थापा मला मारू नकोस, तू हा सिंकमध्ये पाण्यात टाकून गेलीस.

वहिनीने आधी दार लोटून घेतलं. मग स्टूल ओढून बसली. तिने जे सांगितलं ते असं. ती आईकडे भाजी द्यायला गेली होती. सिंकवर एक मोठी परात झाकलेली होती. कप विसळायला म्हणून तिने परात उचलली तर खाली तवा, काठोकाठ पाण्यात. जाळी तव्याने दाबलेली आणि वर आईचा नळ गळतो, म्हणून पाणी हटतच नव्हतं. तो नळ माझ्याचकडून दुरुस्त व्हायचा राहिला आहे. मग आईनेच तिला सांगितलं. अंडं तव्याला करपून चिकटलं होतं. ते सुटावं म्हणून तिने तवा कसाबसा ओढत सिंकमध्ये नेला, पाणी सोडलं, आणि मग तो तिला बाहेर काढता आला नाही. सिंक खोल आहे. तिने वाटीने पाणी उपसून बघितलं, दोन्ही हातांनी दांडी ओढून बघितली. मनगटात कळ आली, तेव्हा वरून परात झाकली. तेव्हापासून ती कपबशा बाथरूममध्ये धूत होती.

"मी तो काढला, पुसला आणि डब्यामागे ठेवला," वहिनी म्हणाली. "त्या म्हणाल्या, हे आपल्यातच राहू दे. मी म्हटलं, बरं. पुन्हा तो विषय आम्ही काढला नाही."

मी विचारलं की मग सगळ्यांसमोर माझ्या तोंडून एवढं कसं ऐकून घेतलं, आणि मुख्य म्हणजे का. आईने तुझ्याकडे येऊन राहू नये म्हणून?

"हो," ती म्हणाली. इतक्या सरळपणे म्हणाली की मी बघतच राहिले. "त्या आमच्याकडे आल्या तर आठवड्यात आम्ही एकमेकींचं डोकं खाऊ. मला माझं घर माझ्या पद्धतीने लागतं, त्यांना त्यांचं. इथे असल्या की त्या मला आवडतात, अगं. मी भाजी द्यायला काय दर वेळी भाजीसाठीच जाते का? आमच्या घरी त्या पर्स घेऊन बसल्या होत्या ना, ते मलाही दिसत होतं. मी काही आंधळी नाही."

मी तिचे पडदे फुकट धुऊन देईन म्हटलं. ती म्हणाली, पैसे घे आणि माझ्याशी जरा सांभाळून बोलत जा. हे मला परवडण्यासारखं नव्हतं, पण मी हो म्हटलं.

आता माझी गोची बघा. तवा दुरुस्त झाला की आईची परीक्षा. आईला तो उचलणार नाही हे आता मला माहीत, वहिनीला माहीत, आईला तर माहीतच. म्हणजे मी जेवढं चांगलं काम करीन तेवढं आईचं घर लवकर सुटणार. मी ठरवलं की तवा दुरुस्त करायचाच नाही. आज करते, उद्या करते करत राहायचं. कारागिरांना जमतं तर मला का नाही जमणार?

पण आई कुठली बसू देते. रोज सकाळी फोन. झाला का? कुठवर आला? गंज निघाला का? मी म्हटलं, अगं, तुला एवढी घाई कशाची? ती म्हणाली, तवा माझा आहे, तुझा नाही. मी सिंकबद्दल काही बोलले नाही. तीही बोलली नाही. फोनवर आम्ही दोघी तव्याच्या तब्येतीबद्दल बोलायचो आणि मनात दोघींच्याही भलतंच असायचं.

शेवटी मी करायला घेतलं. व्हिनेगर आणि पाणी एकत्र करून त्यात तवा बुडवला. थोडा वेळ ठेवून काढायचा असतो. मला वाटलं, जास्त वेळ ठेवला तर जास्त निघेल. तर गंजाबरोबर वर्षानुवर्षांचं होतं नव्हतं ते काळंही निघालं आणि खालून राखाडी, मुडदूस झालेल्या पोरासारखं लोखंड बाहेर आलं. धुतला, पुसला, पंचा टाकायला वळले, आणि परत बघते तो त्याच्यावर नवीन नारिंगी झाक. माझ्या डोळ्यांदेखत. मी तव्याला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. आई फोनवर म्हणाली, "पुसून काय होतंय? विस्तवावर वाळव त्याला. आणि लगेच तेल." ते आधी सांगायला काय झालं होतं? तर म्हणे, तू विचारलं नाहीस.

सगळ्यात जास्त वेळ त्या कानाने खाल्ला. बाकी तवा वापरून वापरून गुळगुळीत झाला होता, पण कान जसाच्या तसा खरखरीत होता, साच्यातून कालच काढल्यासारखा, आणि त्याच्या भोकात गंज गच्च बसलेला. कुणाचा हातच कधी लागला नव्हता त्याला. मी तिथे सुई चालवली, दात घासायचा ब्रश चालवला, हेअरपिन चालवली. एवढ्याशा कानासाठी माझे नाकी नऊ आले.

मग तेल. मी आपलं सढळ हाताने जवसाचं तेल ओतलं आणि तवा ओव्हनमध्ये सरळ ठेवला. घरभर धूर. नवऱ्याने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि आपली उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. वरच्या मजल्यावरचे मास्तर काय जळतंय म्हणून विचारायला आले आणि माझं तोंड बघून परत गेले. तवा बाहेर काढला तर त्याच्यावर चिकट मध सांडल्यासारखे डाग. बोट लावलं तर बोट सुटेना. परत सगळं घासलं. आईने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, तव्याला तेल पाजायचं नसतं. लावायचं, आणि मग चष्म्याची काच पुसतेस तसं पुसून टाकायचं, आता काहीच उरलं नाही असं वाटेपर्यंत. आणि पालथा ठेव, म्हणजे जास्तीचं खाली गळेल. "तवा कमवावा लागतो," ती म्हणाली, "घाई केलीस की असा रुसतो."

तसं केलं. पुसला, पालथा घातला, तापवला, ओव्हनमध्येच निवू दिला, पुन्हा तेच. दर खेपेला रंग बदलत गेला. आधी तांब्यासारखा, मग तपकिरी, मग काळसर, आणि शेवटी एकदाचा काळा. मी त्यावर एक अंडं टाकलं. कडा उचलल्या गेल्या, तवा जरा हलवला तर अंडं मोकळं फिरायला लागलं. मला इतका आनंद झाला, आणि लगेच इतका राग आला की मी ते अंडं न खाताच बसून राहिले. मी स्वतःच्या हाताने आईच्या घराला कुलूप घालायची तयारी केली होती, आणि कुलूपही चांगलं गुळगुळीत फिरत होतं.

रविवारी सगळे जमलो. मी तवा शेगडीवर नेऊन ठेवला, आईला तो आणावा लागू नये म्हणून. दादाने ते बघितलं. तो स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी बसला. आईने तव्यावरून तळहात फिरवला, अंतर राखून, तापलाय का बघायला. मग माझ्याकडे बघून मान हलवली. माझ्या आईकडून एवढं मिळणं म्हणजे खूप झालं. तिने एका हाताने अंडं फोडलं. ते चर्रकन पसरलं, कडा तपकिरी झाल्या, आणि ती दांडी जराशी हलवते तो अंडं सुटलं.

आता ताटली. तिने डाव्या हातात ताटली घेतली, उजव्या हाताने फडक्यासकट दांडी धरली. तवा दोन बोटं वर आला. तिच्या मनगटाची शीर ताठ झालेली मला दिसली. तवा खाली टेकला. तिने पुन्हा धरला. या वेळी तो वरच आला नाही, नुसती दांडी हलली. अंडं तडतडत राहिलं. मी पुढे होणार तेवढ्यात वहिनीने माझा दंड धरला.

आईने ताटली ओट्यावर ठेवली आणि शेगडीकडे तोंड करूनच बोलली.

"सुटलाय. हा तवा माझ्या हातून कधीच सुटलाय. सिंकमध्ये मीच टाकला होता, मला तो काढता आला नाही. हिने काही केलेलं नाही. हिने माझ्यासाठी बोलणी खाल्ली आणि मी खिडकीबाहेर बघत बसले."

मी दादाकडे बघितलं. ज्या गोष्टीसाठी तो दर रविवारी घसा कोरडा करायचा ती त्याच्या पुढ्यात आयती येऊन पडली होती. मला वाटलं, आता हा खोलीचं, पलंगाचं, घंटीचं बोलणार, आणि बोलला तर मी त्याच्या डोक्यात तोच तवा घालीन. दादाने आधी वहिनीकडे बघितलं, बराच वेळ. मग आईच्या पाठीकडे. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी रडू आवरताना व्हायचे तसे.

"तुझे शब्द काय होते?" तो म्हणाला.

आई म्हणाली, "उगाच कीस पाडू नकोस. सुटला म्हटलं ना."

"माझ्या हातून तवा सुटला की घर सुटलं, असं तू म्हणालीस. मी पुन्हा म्हणवून घेतलं होतं, ही साक्षीदार आहे. हातून म्हणालीस. एका हातून असं कुठे म्हणालीस?" त्याचा आवाज कार्यालयात बोलतो तसा होता, पण जरा फाटला होता. "तुला दोन हात आहेत. तव्याला दुसऱ्या बाजूला कान आहे. हे जोवर करून बघत नाहीस तोवर तवा सुटला असं मी धरणार नाही. मला ते मान्य नाही."

आयुष्यभर या माणसाच्या शब्दच्छलाने माझं डोकं उठलं आहे. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की त्याची पाठ थोपटावी.

"कान शिकाऊंसाठी असतो," आई म्हणाली.

"मग शीक," दादा म्हणाला.

आईने त्या कानाकडे बघितलं. मी त्याला सुईने, ब्रशने, हेअरपिनने मोकळा केला होता, तेल देऊन काळा केला होता. ती पुटपुटली की दोन्ही हात तव्याला लावल्यावर ताटली काय हवेत राहणार आहे का. मी म्हटलं, आई, ओट्यावर ठेव ना, ती कुठे पळून चाललीय? जगातले सगळे लोक ताटली ओट्यावरच ठेवतात. त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी एक पाऊल मागे सरले.

वहिनी पुढे झाली. तिने ओट्यावरची ताटली उचलली, दुसरं फडकं घडी करून आईच्या डाव्या हातात दिलं, आणि शेगडीच्या कडेला ताटली धरून उभी राहिली.

आईने फडकं कानाला लावलं. बोटं जरा चाचपडली, कुठे धरायचं ते तिच्या हाताला माहीतच नव्हतं. मग तिने दोन्हीकडून धरलं आणि तवा उचलला. उचलला म्हणजे सरळ, न डगमगता, पुरता शेगडीच्या वर. कलता केला. अंडं सरकत गेलं आणि वहिनीच्या ताटलीत पडलं. एव्हाना ते कडक होऊन त्याचं पार पायताण झालं होतं, पण दादाने मान खाली घालून ते सगळं खाल्लं, कडांसकट.

आई तवा धरूनच उभी होती. वहिनीने तिच्या हातांकडे बघितलं, एक हात दांडीवर, एक हात कानावर, आणि दादाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाली, "कान पकडलात, आई. झालं मग."

"पकडलाय," आई म्हणाली. तिने तवा हळूच शेगडीवर ठेवला आणि दुसरं अंडं हातात घेतलं. "ताटली सरळ धर. हे तुझं."